जिनिंगच्या प्रेसवर हायड्रॉलिकचे काम शिकताना

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या भागात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात आणि उन्हाळा तापेपर्यंत चालतात. त्यानंतरचे पावसाळ्याचे महिने दुरुस्तीचे असतात. आयटीआयमधून फिटरचा कोर्स करून मी अशाच एका कारखान्यात मदतनीस म्हणून लागलो तो याच दिवसांत, त्यामुळे चालू प्रेस पाहण्याआधी मला खोललेला प्रेस पाहायला मिळाला. शिकण्याच्या दृष्टीने हे फार चांगले झाले, असे मला आजही वाटते. चालू प्रेसमध्ये नवख्या माणसाला फक्त वर-खाली होणारा रॅम, म्हणजे तेलाच्या दाबाने सरकणारा जाड दांडा, आणि बाहेर पडणारी रुईची गाठ दिसते. खोललेल्या प्रेसमध्ये तेलाची वाट दिसते आणि हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणाऱ्या यंत्रणेचा, सगळा व्यवहार त्या वाटेवरच चालतो.

ज्यांनी जिनिंग आतून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शेतकऱ्याच्या कापसातून डबल रोलर जिनवर सरकी वेगळी होते आणि निघालेली रुई प्रेसकडे येते. आमच्याकडे ट्रॅम्पर नावाचे यंत्र ती रुई बॉक्समध्ये ठोकून भरते, बॉक्स भरला की फिरून मुख्य रॅमसमोर येतो आणि रॅम तिची सुमारे १७० किलोची गाठ दाबून काढतो. २००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले, त्यात जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांचे आधुनिकीकरण हा एक मोठा भाग होता. आमच्याकडचा प्रेस त्या काळात बसवलेला आहे.

आमचे हेडमिस्त्री वयाने बरेच मोठे आहेत आणि सगळा कारखाना त्यांना काकाजी म्हणतो. त्यांनी मला पाना हातात देण्याआधी तेलाची वाट पाठ करायला लावली: टाकी, सक्शनची जाळी, पंप, रिलीफ व्हॉल्व्ह (दाब हद्दीबाहेर गेला की तेल टाकीत सोडणारा), दिशा बदलणारा व्हॉल्व्ह, सिलेंडर, परतीचा फिल्टर, कूलर आणि पुन्हा टाकी. मी ती वाट वहीत काढून दाखवली तेव्हा त्यांनी विचारले, "आता सांग, दाब कोन तयार करते?" मी सहजच पंपाचे नाव घेतले, जसे बहुतेक लोक घेतात. "पंप तेल देते बापू," ते म्हणाले, "दाब समोरचं वझं देते." या एका वाक्यावर मी बराच विचार केला आहे. पंप ठराविक वेळात ठराविक तेल पुढे ढकलतो. पुढे अडवणूक नसेल तर दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जवळजवळ हलतही नाही. रॅमखाली रुई आली, ती आवळली जाऊ लागली, की दाब वाढतो. म्हणूनच दाब येत नाही म्हणजे पंप खराब, असा निष्कर्ष घाईने काढता येत नाही. तेल मधेच कुठून तरी सोप्या वाटेने टाकीत परत जात असेल, तर पंप उत्तम असूनही काटा वर जाणार नाही.

कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कल यांचा नियम आपण शाळेत शिकतो. सतराव्या शतकातला हा नियम वापरून इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले ते १७९५ साली. मला त्या नियमाची ताकद कळली ती साध्या गुणाकाराने. २५ सेंटिमीटर व्यासाचा रॅम घेतला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४९१ चौरस सेंटिमीटर होते. त्यावर दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो दाब दिला की रॅम सुमारे ९८ टनांनी दाबतो. कापसाची भरलेली कित्येक वाहने एकावर एक रचावीत इतके हे वजन आहे आणि ते एका लिव्हरच्या हालचालीने येते. हा गुणाकार केल्यानंतर प्रेससमोर उभे राहण्याची माझी पद्धतच बदलली.

दुरुस्तीच्या दिवसांतले पहिले मोठे काम टाकी धुण्याचे होते आणि मी सगळ्यात जास्त शिकलो ते या कामात. तेल काढून टाकल्यावर टाकीच्या तळाशी काळपट, चिकट गाळ राहतो. तो पुसायला मी सवयीने रुईचा बोळा घेतला होता, कारण जिनिंगमध्ये पुसायला दुसरे काही शोधावेच लागत नाही. पण काकाजींनी तो टाकीपर्यंत जाऊ दिला नाही. "रुईनं पुसू नोको. तेच तर आपलं दुखनं हाये," असे म्हणून त्यांनी कणकेचा गोळा मागवला. घट्ट भिजवलेली कणीक टाकीच्या तळावर, कोपऱ्यांत, वेल्डिंगच्या सांध्यांवर दाबत आणि फिरवत नेली की बारीक धूळ, धातूचा कीस आणि रुईचे तंतू तिला चिकटून येतात आणि मागे काही सोडत नाहीत. पांढरा गोळा काळा होत जातो, मग तो टाकून नवा घ्यायचा, आणि शेवटचा गोळा जसाच्या तसा पांढरा निघाला की टाकी स्वच्छ झाली असे समजायचे. इतकी अचूक तपासणी मी दुसऱ्या कोणत्या साध्या साधनाने होताना पाहिलेली नाही.

घाणीचा इतका बाऊ का, हे कळण्यासाठी आकड्यांची मदत होते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो आणि नुसत्या डोळ्याला सुमारे ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाही. पंप आणि व्हॉल्व्हमधल्या फिरत्या भागांच्या फटी मात्र त्याहून कितीतरी कमी असतात. म्हणजे डोळ्याला स्वच्छ दिसणाऱ्या तेलातला कणसुद्धा त्या फटीत अडकून चरे पाडतो. चऱ्यांतून निघालेला धातूचा कीस पुढे आणखी चरे पाडतो. जिनिंगमध्ये हवेतच रुईचे तंतू उडत असतात. टाकीवरचा ब्रीदर, म्हणजे तेल कमी-जास्त होताना टाकी ज्यातून श्वास घेते ती जाळी, हंगामात लवकर तुंबतो. तो तुंबला की पंपाला तेल ओढणे जड जाते, तेलात पोकळ बुडबुडे तयार होऊन ते पंपात फुटतात आणि पंपातून खडे भरल्यासारखा आवाज येऊ लागतो. त्या आवाजाकडे दुर्लक्ष केले तर पंपाचे आतले पृष्ठभाग खडबडीत होऊन पंप निकामी होतो. पाचशे रुपयांच्या आतल्या जाळीसाठी लाखाच्या घरातला पंप घालवण्याचा हा प्रकार आहे आणि तो टाळण्यासाठी लागते ती फक्त रोजची नजर.

याच ओघात मला हेही कळले की बॅरलमधून आलेले नवे तेलही स्वच्छ धरून चालत नाहीत. भरताना, वाहतुकीत, उघड्या आवारात पावसात उभ्या राहिलेल्या बॅरलच्या झाकणातून त्यात कचरा आणि पाणी जाऊ शकते. म्हणून बॅरल आडवा ठेवायचा आणि तेल टाकीत घालताना फिल्टरमधून गाळूनच घालायचे. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरलेले आहे, फेसाळले तर हवा शिरलेली आहे, काळे पडून जळकट वास आला तर ते तापून खराब झालेले आहे. जुना फिल्टर काढल्यावर तो लगेच फेकून न देता कापून उघडायचा आणि उजेडात पाहायचा, ही काकाजींची सवय मी जशीच्या तशी उचलली. पितळेसारखे चमकणारे कण असतील तर पंपाची झीज सुरू आहे, चुंबकाला चिकटणारे असतील तर पोलाद झिजते आहे, काळे रबरी तुकडे असतील तर एखादे सील, म्हणजे तेल गळू न देणारी रबरी कडी, जात आहे. हंगामाच्या मध्यात प्रेस बंद पडण्याआधी फिल्टर हे सगळे सांगून टाकतो.

सील बदलण्याचे काम नाजूक आहे. ओ-रिंग किंवा पॅकिंग स्क्रूड्रायव्हरने ओरबाडून काढले की खोबणीला चरा पडतो आणि नवे सीलही गळू लागते. म्हणून लाकडी किंवा पितळी बोथट साधन वापरायचे, नवे सील त्याच तेलात बुडवून बसवायचे आणि त्याचे तोंड दाबाच्या बाजूला आहे ना हे दोनदा पाहायचे. फिटिंगच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची सवय आपल्याकडे नळकामातून आली आहे, पण तिचे तुकडे तेलात जाऊन व्हॉल्व्ह अडवतात, त्यामुळे आमच्या प्रेसवर टेपला बंदी आहे. पावसाळ्यात रॅम बाहेर काढून ठेवू नये, हेही इथेच शिकलो. दमट हवेत त्याच्या चकचकीत पृष्ठभागावर गंज धरतो आणि पहिल्याच फेरीत तो गंज सील कापतो. जो भाग आत जाऊ शकत नाही त्याला ग्रीस लावून झाकून ठेवायचे.

हंगाम सुरू होण्याआधी प्रेस जोडून चालू करण्याचा दिवस आला तेव्हा मला वाटले होते की बटन दाबायचे आणि गाठ काढायची. प्रत्यक्षात जवळजवळ सगळा दिवस त्यात गेला. पंपाच्या केसिंगमध्ये आधी तेल भरले. मोटर क्षणभर फिरवून तिची दिशा पाहिली, कारण दुरुस्तीनंतर वायरी उलट जोडल्या गेल्या तर पंप उलटा फिरतो, कोरडा चालतो आणि थोड्याच वेळात खराब होतो. मग रिलीफ व्हॉल्व्ह सैल ठेवून बिनभाराने तेल फिरवले, रॅम अनेक वेळा हळूहळू पूर्ण वर-खाली नेऊन पाइपांत अडकलेली हवा टाकीत येऊ दिली आणि टाकीतल्या तेलाची पातळी पुन्हा पाहिली. हवा राहिली की रॅम गचके देत सरकतो. दाब त्यानंतर टप्प्याटप्प्याने वाढवला आणि प्रत्येक टप्प्याला थांबून सगळे सांधे लांबून, बॅटरीच्या उजेडात पाहिले.

हंगामात खऱ्या अर्थाने धोक्याशी ओळख झाली, आणि ती वीज गेल्यामुळे झाली. ग्रामीण भागात वीज जाणे नवे नाही. रॅम अर्ध्या गाठीवर होता, मोटरी थांबल्या, पट्टे थांबले, सगळीकडे शांत झाले आणि पट्ट्या बांधणारा एक गडी बॉक्सच्या दाराकडे निघाला. काकाजींनी त्याला जागच्या जागी थांबवले. "लाइन गेली म्हनून प्रेस मेला नाही, तो अजून जित्ता हाये. गेज पाह्य." काटा शंभराच्या वरच होता. पंप थांबला तरी चेक व्हॉल्व्ह तेलाला मागे येऊ देत नाही आणि आवळलेली रुई स्वतःच स्प्रिंगसारखी रॅमला उलट रेटत राहते. बंद दिसणाऱ्या यंत्रात टनावारी जोर अडकून बसलेला असतो. अशा वेळी दाराची कडी काढली किंवा एखादा नट सैल केला, तर तो जोर माणसाच्या अंगावर सुटतो.

यासाठीचा क्रम मी आता झोपेतही सांगू शकतो. वीज येवो न येवो, मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे आणि किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवायची. नुसती "काम चालू आहे" अशी पाटी पुरत नाही, कारण वीज आल्याबरोबर कोणीतरी दुसऱ्या टोकाला बटन दाबतो. मग दाब सोडण्याच्या व्हॉल्व्हने तो हळूहळू उतरवायचा. एकदम उघडला तर दणका बसून पाइपांचे सांधे हादरतात. काटा शून्यावर आला तरी एकाच गेजवर भिस्त ठेवायची नाही, कारण गेज बिघडलेला असू शकतो आणि तो ज्या पाइपावर आहे त्याच्या पलीकडच्या भागात दाब कोंडलेला असू शकतो. लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून पाहायची. वर लटकलेला कोणताही भाग खाली टेकवायचा, ते शक्य नसेल तर त्याला लोखंडी टेकू द्यायचा आणि मगच हात घालायचा. ज्या यंत्रात ॲक्युम्युलेटर, म्हणजे वायूच्या जोरावर दाबाखालचे तेल साठवणारा नळा, असतो तिथे तोही रिकामा करावा लागतो. त्यात नायट्रोजन वायूच भरतात, ऑक्सिजन कधीही नाही, कारण दाबाखालचे तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

आता जे सांगणार आहे ते प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने, जेसीबी चालवणाऱ्याने आणि त्यांच्या घरच्यांनीही वाचावे, असे मला मनापासून वाटते. होज पाइपाला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले तर त्यातून निघणारी तेलाची धार इतकी बारीक आणि वेगवान असते की ती दिसत नाही, फक्त हलकेसे धुके जाणवते. गळती कुठे आहे हे चाचपायला माणूस सहज बोट फिरवतो आणि ती धार कातडीच्या आत शिरते. यासाठी प्रेसचा पूर्ण दाब लागत नाही, चौरस सेंटिमीटरला सात-आठ किलोचा दाबही कातडी भेदायला पुरतो. दुसऱ्या एका गावच्या कारखान्यात काकाजींच्या ओळखीच्या माणसाचे असेच झाले. बोटावर फक्त लाल ठिपका होता, दुखतही नव्हते, म्हणून तो हळद लावून घरी गेला. रात्री हात मनगटापर्यंत सुजला. नागपूरला नेईपर्यंत उशीर झाला होता आणि बोट काढावे लागले. आत गेलेले तेल स्नायूंच्या मधल्या जागेत पसरते, रक्तपुरवठा दाबते आणि पेशी मारते. अशी जखम काही तासांत शस्त्रक्रियेने उघडून धुवावी लागते. वरून ती कितीही किरकोळ दिसो. गावच्या दवाखान्यात टिटॅनसचे इंजेक्शन देऊन परत पाठवण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे की दाबाखालचे तेल आत घुसले आहे, तेल कोणते आणि किती दाबाचे तेही सांगावे. गळती शोधायची तर लांब पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळून फिरवावा, तेल त्यावर उमटते. आमच्या प्रेसजवळ असा पुठ्ठा खिळ्याला टांगलेला असतो आणि तो दुसऱ्या कशाला वापरायचा नाही, असा दंडक आहे.

गळतीचे जिनिंगमध्ये आणखी दोन परिणाम होतात. तेलाचा डाग पडलेल्या रुईबद्दल सूतगिरणी तक्रार करते, तिचा भाव पडतो. आणि प्रेसखाली तेलाने भिजलेल्या रुईचा थर साचला तर एका ठिणगीचे काम असते. म्हणून पाळी संपताना प्रेसखालची जागा झाडणे हे आम्ही सफाई कामगारावर न सोडता मेकॅनिकच्याच कामात धरले आहे.

तापमानाचे विदर्भात विशेष भान ठेवावे लागते. आम्ही वापरतो ते ६८ नंबरचे तेल. हा आकडा ४० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती, हे सांगतो. जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास असतो तेव्हा ते मधासारखे दाट झालेले असते, पंपाला ओढवत नाही, म्हणून भार देण्याआधी काही वेळ नुसते फिरवून घ्यायचे. एप्रिलमध्ये बाहेरच ४२-४३ अंश असताना तेल साठच्या पुढे जाऊ लागते, पातळ होते, सीलमधून निसटते, आणि ऐंशी अंशांच्या वर तर सीलचे रबरच कडक होऊन तडकते. कूलरच्या पात्यांमध्ये रुई अडकलेली असते. ती ब्रशने काढली तरी बऱ्याचदा तापमान खाली येते. मी रोज दुपारी तीन वाजता टाकीचे तापमान वहीत लिहितो.

दाबाच्या स्क्रूविषयीही सांगायला हवे, कारण हंगामाच्या घाईत सगळ्यात मोठा मोह तिथेच होतो. गाठ नीट आवळली जात नाही असे दिसले की कोणीतरी म्हणतोच, "रिलीफचा स्क्रू अर्धा आटा फिरवून दे." रिलीफ व्हॉल्व्ह ही प्रेसची शेवटची सुटका आहे; निर्मात्याने ठरवलेल्या दाबापलीकडे तो आवळला तर पाइप, सिलेंडर, खांब सगळेच त्यांच्या ताकदीबाहेर ताणले जातात आणि मूळ दोष तसाच राहतो. आम्ही आधी दाब धरून पाहतो: रॅम दाबाखाली आणून पंप थांबवायचा आणि काटा किती वेगाने उतरतो ते घड्याळ लावून बघायचे. बाहेर कुठे थेंबही नसताना काटा भराभर उतरला, तर गळती आतली आहे, सीलमध्ये किंवा चेक व्हॉल्व्हमध्ये. काटा टिकला, पण चढायला वेळ लागत असेल, तर पंप किंवा सक्शनकडे वळायचे. रिलीफच्या लॉकनटवर आम्ही रंगाची रेघ मारून ठेवली आहे, ती तुटलेली दिसली की विचारणा होते.

होज पाइपांबद्दल थोडक्यात: पिळून बसवलेला, तीव्र वळण दिलेला किंवा लोखंडाला घासणारा पाइप नवा असला तरी लवकर फुटतो; बाहेरचे रबर तडकून आतली तार दिसू लागली की तो वाट न पाहता बदलायचा, आणि दाबाखाली असताना गळणारा नट आवळायला जायचे नाही.

या कामाची माहिती गावात झाल्यावर लोक टिपिंग ट्रॉल्या आणि ट्रॅक्टरची लिफ्ट दाखवायला आणू लागले. तिथे मला जे दिसते त्याने काळजी वाटते. ट्रॉलीचा डाला उचलून, फक्त जॅकच्या भरवशावर, माणसे खाली वाकून ग्रीस मारतात किंवा गळती शोधतात. तिथे डाला वर धरून ठेवणारा एकच पाइप असतो आणि तो सुटला तर बाहेर पडायला वेळ मिळत नाही. नांगर, रोटाव्हेटर लिफ्टवर उचलून ठेवून त्याची पाती बदलणारेही पुष्कळ आहेत. मी काम हातात घेण्याआधी अवजार जमिनीवर टेकवायला सांगतो, आणि ट्रॉली असेल तर डाल्याखाली लोखंडी चॅनेलचा टेकू लावल्याशिवाय हात लावत नाही. घाई असेल त्यांनी दुसरीकडे जावे, हेही सांगतो. आमच्या भागातल्या एका वेल्डिंगवाल्याने आता नव्या ट्रॉलीला बिजागरीचा टेकू मागणी नसतानाही बसवून द्यायला सुरुवात केली आहे. जुन्या ट्रॉल्या बऱ्याच आहेत. कापूस निघायच्या आत जितक्यांना टेकू बसेल तितक्यांना तो बसवायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. चॅनेल आणि बिजागरीचा खर्च ट्रॉलीवाल्याने द्यायचा, मजुरी घ्यायची नाही.